पहिलं लष्करी मॉडेल किट: आधी स्केल, मग किंमत

बॉक्सवर छापलेली किंमत हा खर्चाचा फक्त पहिला हप्ता असतो. रंग, डेकल (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा), पॉलिश पेपर, कपाटातली जागा आणि तुमचे तास हे पुढचे हप्ते, आणि ते किती पडतील हे स्केल ठरवतं. नवखा माणूस बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो: बॉक्सवरचं चित्र आवडतं, सवलत दिसते, किट घरी येतं आणि मग कळतं की पंखांची लांबी फळीच्या रुंदीपेक्षा जास्त आहे. म्हणून पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या.

पायरी १: फूटपट्टी

१/७२ स्केल म्हणजे खऱ्या वस्तूचा बहात्तरावा भाग. खालचा आकडा मोठा तितकं मॉडेल लहान. हे उघड वाटतं, पण पहिल्या खरेदीत हमखास गोंधळ इथेच होतो. खरी लांबी मिलिमीटरमध्ये लिहा आणि स्केलच्या आकड्याने भागा.

टायगर-१ रणगाडा तोफेसकट ८.४५ मीटर लांब. १/३५ मध्ये तो २४१ मिमी होतो, १/४८ मध्ये १७६, १/७२ मध्ये ११७, आणि १/१६ मध्ये थेट ५२८ मिमी. स्पिटफायर मार्क-१ च्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर: १/७२ मध्ये १५६ मिमी, १/४८ मध्ये २३४, १/३२ मध्ये ३५१. इथवर सगळं आटोक्यात दिसतं. आता लँकॅस्टर बॉम्बर घ्या, विस्तार ३१.०९ मीटर. १/७२ मध्येच तो ४३ सेंटिमीटर भरतो. १/४८ मध्ये ६५ सेंटिमीटर, आणि नाकापासून शेपटीपर्यंत आणखी ४४. साध्या पुस्तकांच्या कपाटात तो मावत नाही. यामातो ही युद्धनौका २६३ मीटरची, म्हणजे १/७०० मध्ये ३७.६ सेंमी आणि १/३५० मध्ये ७५ सेंमी.

ज्या फळीवर मॉडेल ठेवायचं तिची लांबी आणि खोली मोजून कागदावर लिहा. एका मॉडेलसाठी नाही, दहा मॉडेल्ससाठी. हा छंद एका मॉडेलवर थांबत नाही.

लांबी दुप्पट झाली की पृष्ठभाग चौपट होतो आणि आकारमान आठपट. १/७२ वरून १/४८ ला गेलात तर रंगवायचं क्षेत्र सव्वादोन पट वाढतं, १/३२ ला गेलात तर पाचपट. रंग, प्रायमर, वॉर्निश आणि घासण्याचे तास साधारण याच पटीत चढतात. किटची किंमत मात्र या पटीत चढत नाही, आणि म्हणूनच मोठं स्केल ‘त्या मानाने स्वस्त’ वाटतं. तसं ते नसतं.

पायरी २: विषयाचं रूढ स्केल

प्रत्येक प्रकाराचं एक रुळलेलं स्केल आहे. त्यात किट जास्त, जादा भाग जास्त, सैनिकांच्या आकृत्या जास्त आणि चढाओढीमुळे भावही बरा. आडव्या स्केलमध्ये शिरलात तर सगळंच शोधत बसावं लागतं.

विमानांना १/७२ आणि १/४८. दोन्ही फूट-इंचाच्या हिशेबातून आलेली आहेत: १/७२ मध्ये एक इंच म्हणजे सहा फूट, १/४८ मध्ये एक इंच म्हणजे चार फूट. रणगाड्यांचं १/३५ मात्र कुठल्याच मापपद्धतीतून आलेलं नाही. तामिया या जपानी कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं किट काढलं तेव्हा आत बॅटऱ्या आणि मोटर बसतील एवढा आकार धरला. तो १/३५ च्या आसपास निघाला आणि पुढे सगळ्या जगाने तोच उचलला. जहाजांचं १/७०० रूढ झालं ते १९७१ पासून, जपानमधल्या शिझुओकाच्या चार कंपन्यांनी मिळून काढलेल्या ‘वॉटरलाइन’ मालिकेमुळे. या मालिकेतली जहाजं पाण्याच्या रेषेवर कापलेली असतात, तळ नसतो, त्यामुळे ती टेबलावर सपाट बसतात.

रणगाड्यांमध्ये १/४८ आणि १/७२ हेही चांगले पर्याय आहेत. १/४८ चा फायदा असा की त्याच स्केलचं विमान शेजारी ठेवून धावपट्टीचा देखावा करता येतो. तोटा असा की निवड मर्यादित आणि जादा भाग कमी.

जवळजवळची स्केल एकत्र करू नका. १/७२ आणि १/७६ मध्ये साडेपाच टक्क्यांचा फरक आहे. वेगवेगळ्या वाहनांत तो कदाचित खपून जाईल, पण १/३५ आणि १/३२ मधला नऊ टक्क्यांचा फरक माणसांत लपत नाही. १७५ सेंमी उंचीचा सैनिक १/३५ मध्ये ५० मिमीचा, तर १/३२ मध्ये जवळजवळ ५५ मिमीचा. एकाच जीपभोवती दोघे उभे केले की एक जण राक्षस दिसतो. जुन्या काही किटांवर तर स्केल लिहिलेलंच नसतं, किंवा लिहिलेलं खरं नसतं, कारण तेव्हा ठरावीक बॉक्समध्ये मावेल एवढं मॉडेल करत. शंका आली तर किटमधल्या पंखाची लांबी मोजा आणि खऱ्या मापाला तिने भागा.

पायरी ३: डोळे, बोटं आणि जाडी

लहान स्केल म्हणजे सोपं काम, हा समज अर्धाच खरा. १/७२ मध्ये भाग कमी असतात, पण असतात ते बारीक. २४ मिमीच्या सैनिकाच्या चेहऱ्यावर डोळे काढायचे नसतात, नुसती सावली द्यायची असते. १/३५ मध्ये मात्र डोळे नसतील तर चेहरा आंधळा दिसतो. १/७०० च्या विमानवाहू नौकेवर बारा मीटर विस्ताराचं झीरो विमान १७ मिमीचं होतं, त्यावर लाल गोळ्याची डेकल बसवायची आणि अशी विमानं डझनाने असतात. वाचायला चष्मा लागत असेल तर या कामाला भिंगही लागेल. त्याचा खर्च आत्ताच धरा.

आणखी एक गोष्ट किंमत समजायला उपयोगी पडते, ती म्हणजे प्लास्टिकची जाडी. १/३५ मध्ये एक मिमी जाडीचा चिखलरोधक म्हणजे प्रत्यक्षात ३५ मिमीचा पत्रा, एखाद्या चिलखताइतका. साच्यातून प्लास्टिक याहून फार पातळ निघत नाही. म्हणून महागड्या बॉक्समध्ये पितळेचे फोटो-एच भाग (रसायनाने कोरून काढलेले पातळ पत्रे) घालतात: ०.१५ मिमी पत्रा १/३५ मध्ये सव्वापाच मिमीचा ठरतो, म्हणजे बराच खऱ्यासारखा. विमानावर ०.२ मिमी रुंदीची पॅनेल लाइन (पत्र्यांच्या सांध्याची रेषा) १/७२ मध्ये १४ मिमीची फट होते. खऱ्या विमानाला अशी फट नसते, तरी ती आपण काळ्या वॉशने, म्हणजे खूप पातळ केलेल्या रंगाने, भरतो. ही नजरेची फसवणूक सगळेच करतात, तुम्हीही करा, फक्त हात आवरून.

पायरी ४: किंमत वाचायला शिका

किटमधल्या प्लास्टिकची किंमत नगण्य असते. पैसे जातात पोलादी साच्यात. तो घडवायला मोठी रक्कम लागते आणि ती पहिल्या काही वर्षांच्या विक्रीतून वसूल करायची असते. साचा एकदा तयार झाला की दशकानुदशके चालतो. यातून बाजारातला सर्वात मोठा सापळा तयार होतो: नवं चित्र, नवी डेकल, चकचकीत बॉक्स, आणि आत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा साचा. याला रीबॉक्स म्हणतात. कधीकधी एका कंपनीचं प्लास्टिक दुसऱ्या कंपनीच्या बॉक्समध्येही येतं. त्यात लबाडी नाही, रीतसर करार असतात, पण आत काय आहे ते आपल्याला माहीत हवं.

तपासायचं कसं? स्केलमेट्स या संकेतस्थळावर किटचा क्रमांक टाका. साचा कोणत्या साली नवा होता, नंतर कोणी कोणी तो पुन्हा बॉक्समध्ये भरला, कधी नवे भाग जोडले, हा वंशवृक्ष तिथे दिसतो. बॉक्सवरच्या सालावर जाऊ नका. स्प्रूवर (सुटे भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट) किंवा रणगाड्याच्या पोटाखाली कोरलेलं साल सापडलं तर ते जास्त भरवशाचं. एअरफिक्स ही कंपनी आपले जुने साचे ‘व्हिंटेज क्लासिक्स’ नावाने विकते, तिथे नावातच सगळं कळतं.

जुना साचा म्हणजे नेमकं काय पदरात पडतं? पृष्ठभागावर कोरीव रेषांऐवजी उठलेल्या रेषा, ज्या सांधा घासताना निघून जातात. कडांना फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेली प्लास्टिकची पापुद्री. जाड भागांवर सिंक मार्क, म्हणजे थंड होताना पडलेले खळगे. आणि न जुळणारी धडाची दोन अर्धुकं. अनुभवी हाताला यात मजा येते. नवख्याला तीच गोष्ट छंद सोडायला लावते.

मग ‘शॉर्ट-रन’ किटं. यांचे साचे स्वस्तातले आणि थोड्याच नगांपुरते असतात. विषय दुर्मीळ, किंमत चढी, पण भागांना जुळवायच्या खुंट्या नाहीत आणि गेट (भाग स्प्रूला जोडणारा दांडा) जाडजूड. महाग म्हणजे जुळणी चांगली, हे समीकरण इथे पार मोडतं. पहिल्या पाच किटांत एकही शॉर्ट-रन नको.

एकाच प्लास्टिकच्या दोन किमतीही असतात. एडुआर्ड कंपनीच्या ‘प्रोफीपॅक’मध्ये फोटो-एच, काचांचे मास्क (रंगवताना काच झाकायच्या चिकटपट्ट्या) आणि अनेक विमानांच्या खुणा असतात, ‘वीकेंड’ आवृत्तीत स्प्रू तेच, जोडसामान मोजकं. शिकायला वीकेंड पुरेसं आहे.

भागांची संख्या पाहून किंमत वसूल झाली असं मानू नका. रणगाड्याच्या बॉक्सवर ‘६०० भाग’ लिहिलेलं असतं तेव्हा त्यात पट्ट्याच्या कड्या धरलेल्या असतात, आणि दुसऱ्या आवृत्तीसाठीचे, तुमच्या कामाचे नसलेले भागही. टायगरच्या एका पट्ट्याला ९६ कड्या, दोन्ही मिळून १९२. एक कडी कापून घासायला एक मिनिट धरलं तरी तीन तासांहून जास्त वेळ झाला, आणि त्यातून मिळालेला पट्टा अर्धा चाकांच्या मागे झाकला जातो. आतून संपूर्ण सजवलेले, इंजिन-दारूगोळ्यासकट हजारावर भागांचे रणगाडे मिळतात. बुरूज बसवला की त्यातलं नव्वद टक्के काम दिसेनासं होतं.

किट बाहेरून मागवत असाल तर वाहतुकीचा हिशेब वजनावर नाही, बॉक्सच्या आकारमानावर होऊ शकतो. हवाई कुरिअरचं नेहमीचं सूत्र: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ६० × ४० × १२ चा बॉक्स ५.७६ किलोचा धरला जातो, आत प्लास्टिक दोन किलोच का असेना. मोठ्या स्केलचा हाही एक गुपचूप हप्ता.

पायरी ५: पूर्ण ताळेबंद

एका कागदावर तीन रकाने करा: एकदाच लागणारं, संपणारं, आणि या किटपुरतं.

एकदाच लागणारं: स्प्रू कटर, हॉबी नाइफ आणि पाती, टोकदार चिमटा, कटिंग मॅट, दोन चांगले ब्रश (एक शून्य नंबरचा, एक चपटा). कटरवर कंजुषी नको. वायर कापायची पकड प्लास्टिक चिरडते आणि पांढरे डाग पाडते, ते रंगाखालूनही खळगा म्हणून दिसतात. एअरब्रश आणि कंप्रेसर पहिल्या तीन किटांपर्यंत घेऊ नका. त्या पैशांत बरीच किटं येतात. तोवर प्रायमरला आणि रणगाड्याच्या एकरंगी थराला स्प्रे कॅन पुरतो.

संपणारं: पातळ पॉलिस्टायरीन सिमेंट, फोटो-एच आणि रेझिनच्या (ओतीव) भागांसाठी सायनोअॅक्रिलेट, म्हणजे सुपरग्लू, पुट्टी, ४०० ते १५०० नंबरचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप, प्रायमर, चकचकीत आणि मॅट वॉर्निश, डेकल मऊ करायचं द्रावण.

या किटपुरतं: रंग. इथे विषयाची निवड थेट पैशात उतरते. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन शर्मन घेतला तर ऑलिव्ह ड्रॅब, रबरासाठी गडद करडा, हत्यारांसाठी पोलादी आणि लाकडी, झालं. ब्रिटनच्या लढाईतल्या स्पिटफायरला डार्क ग्रीन, डार्क अर्थ, खालचा स्काय, कॉकपिटचा हिरवा, काळा, पिवळा आणि धातूचा, म्हणजे सात बाटल्या. १/७२ च्या विमानाला प्रत्येक बाटलीतले थोडेच मिलिलिटर लागतात, पण विकत पूर्ण बाटली घ्यावी लागते. म्हणून दुसरं किट त्याच सैन्याचं, त्याच काळातलं घ्या. रंगांचा रकाना जवळजवळ शून्यावर येतो.

रंग, ब्रश आणि सिमेंट आत असलेले स्टार्टर सेट मिळतात. छंद जमतो का हे पाहायला ते ठीक. त्यातला ब्रश मात्र बाजूला ठेवा.

पायरी ६: पहिलं किट

रणगाडा हवा असेल तर चाकं मोजा. रबरी चाकांच्या टायगरला प्रत्येक बाजूला आठ आस आणि एकेकावर तीन चकत्या, एकूण ४८ मोठी चाकं, एकमेकांत गुंतलेली. प्रत्येकाची रबरी कड वेगळ्या रंगाने रंगवायची. टी-३४ ला प्रत्येक बाजूला पाच दुहेरी चाकं, म्हणजे २० चकत्या, आणि सगळा रणगाडा एका हिरव्या रंगाचा. १/३५ किंवा १/४८ मधला नव्या साच्याचा टी-३४ किंवा शर्मन, यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

विमान हवं असेल तर एक इंजिन, पंखांची एकच जोडी, १/७२ किंवा १/४८. एकावर एक पंख असलेली विमानं (बायप्लेन) नकोत, वरचा पंख सरळ बसवणं आणि तारा ओढणं हे वेगळंच शास्त्र आहे. नाकाखाली चाक असलेलं जेट घेतलंत तर धड बंद करण्याआधी नाकात वजन भरा. किती ग्रॅम ते माहितीपत्रकात दिलेलं असतं, त्यापेक्षा थोडं जास्तच घाला. विसरलात तर विमान कायमचं शेपटीवर बसतं.

जहाज पहिलं नको. घ्यायचंच असेल तर १/७०० ची वॉटरलाइन विनाशिका, कठड्यांच्या फोटो-एचशिवाय.

पायरी ७: पैसे वाया कुठे जातात

बॉक्स उघडल्याच्या दिवशीच स्प्रू यादीशी ताडून पाहा. काच तडकलेली किंवा स्प्रू गायब असेल तर बदलून मागायची हीच वेळ. मग स्प्रू कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाने धुवा. साच्याचं तेल राहिलं तर रंग मास्किंग टेपबरोबर सोलून येतो.

भाग स्प्रूवरून दोनदा कापा: आधी दीड-दोन मिमी गेट ठेवून, मग उरलेला गेट पात्याने थराथराने. पातळ सिमेंट सांध्याच्या कडेला टेकवलं की स्वतःच आत ओढलं जातं. पण बोट त्याच सांध्यावर असेल तर ते बोटाखालीही शिरतं आणि ठसा प्लास्टिकमध्ये वितळून उमटतो. पारदर्शक काचेजवळ सायनोअॅक्रिलेट नको, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. तिथे पांढरा गोंद.

रणगाड्याचे लवचीक व्हिनाइलचे पट्टे साध्या सिमेंटने चिकटत नाहीत. शिवाय काही जुन्या किटांत बॉक्समध्ये वर्षानुवर्षं प्लास्टिकला टेकून राहिलेल्या व्हिनाइलने चाकं वितळवलेली असतात. जुनं किट घेताना पट्टे वेगळ्या पिशवीत आहेत का ते आधी विचारा.

डेकल मॅट रंगावर कधीही लावू नका. खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते आणि डेकलभोवती चंदेरी झाक येते. आधी चकचकीत वॉर्निश, मग डेकल, मग मऊ करणारं द्रावण, शेवटी मॅट. जुन्या किटची डेकल पिवळी पडली असेल तर काही दिवस उन्हाच्या खिडकीत चिकटवून ठेवा, पिवळेपणा बराच उतरतो.

पायरी ८: जादा सामान

धातूची तोफ, रेझिनचा कॉकपिट, वेगळी डेकल ही मोहाची यादी न संपणारी आहे. नव्या किटची किंमत १०० धरा आणि त्याच विषयाचं जुनं किट ४५ ला मिळतंय असं समजा. त्याला नवी डेकल ३०, रेझिनचा कॉकपिट ४०, म्हणजे ११५ झाले, आणि सांधे अजून भरायचेच आहेत. स्वस्त किट असं महाग पडतं.

खरोखर उपयोगी पडणारी पहिली वस्तू म्हणजे काचांचे कापीव मास्क. बॉम्बरच्या वीस-पंचवीस खिडक्या हाताने टेप कापून झाकण्यात आख्खी संध्याकाळ जाते. दुसरी, विमानात सीटचे पट्टे, कारण कॉकपिटमध्ये नजर तिथेच जाते. धातूची तोफ फक्त किटमधली नळी दोन अर्धुकांची असेल तर. रणगाड्याचे धातूचे पट्टे सुंदर लोंबतात, पण किमतीत कधीकधी किटच्या जवळ जातात, तेव्हा ते चौथ्या-पाचव्या रणगाड्याला. रेझिन घासताना नाकातोंडाला मास्क लावा आणि ओलं घासा. ती धूळ फुप्फुसाला चांगली नाही.

या सगळ्याआधी एक फुकटची सोय करून ठेवा. प्रत्येक किटमध्ये न वापरलेले भाग उरतात: फावडी, पेट्रोलचे डबे, दोरखंड, जादा चाक, एखादी मशिनगन. ते स्प्रूसकट एका डब्यात टाका आणि डब्यावर स्केल लिहा. १/३५ ची तीन किटं झाली की चौथ्या रणगाड्याच्या पाठीवर बांधायचं सामान त्या डब्यातूनच निघतं.